अपडेटनंतर टचपॅड सैरभैर झालाय? आधी चार्जर काढून बघा

‘कर्सर आठे ठेवा तं तठे पयस.’ (कर्सर इथे ठेवला तर तिथे पळतो.) अहिराणीत तक्रार एवढ्यात संपते, आणि पाठोपाठ निदानही तयार असतं: कालच अपडेट झालं होतं. कधी ते बरोबर निघतं. पण विंडोजची अपडेट दर महिन्याला येतात, त्यामुळे लॅपटॉपचा कुठलाही बिघाड कुठल्या ना कुठल्या अपडेटच्या आगेमागेच सुरू होणार. त्यातून खान्देशचा उन्हाळा, कोरडं पडलेलं अर्थिंग आणि दिवसभर चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी, या तिघांमुळेही टचपॅड अगदी तसाच वागतो. म्हणून ड्रायव्हर (टचपॅड आणि विंडोज यांची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) उडवण्याआधी, विंडोज नव्याने टाकण्याआधी, खरा दोषी कोण हे दहा मिनिटांत वेगळं करता येतं. ते करा. विंडोज नव्याने टाकण्यात एक दिवस आणि कधी कधी डेटाही जातो, आणि दोष अर्थिंगचा असेल तर त्यानंतरही कर्सर पळतच राहतो.

आधी लॅपटॉप ताब्यात घ्या. यूएसबी माउस असेल तर जोडा, हे सगळ्यात सोपं. नसेल तर कीबोर्ड पुरेसा आहे. विंडोज बटण आणि आय दाबलं की सेटिंग्ज उघडतात, विंडोज आणि एक्स दाबून नंतर एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर. टॅबने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं, बाणांनी वर-खाली, स्पेसने निवडायचं. उजव्या क्लिकऐवजी शिफ्ट आणि एफ-१०. उघडं काम असेल ते कंट्रोल-एसने सेव्ह करून घ्या, कारण पळणारा कर्सर भलत्याच ठिकाणी क्लिक करतो.

आता चाचण्या, याच क्रमाने.

पहिली: चार्जर भिंतीतून काढा आणि दोन मिनिटं बॅटरीवर चालवा. कर्सर लगेच शहाण्यासारखा वागू लागला तर दोष विजेच्या बाजूचा आहे, अपडेटचा नाही.

दुसरी: हात धुऊन कोरडे करा, टचपॅड कोरड्या सुती कापडाने पुसा. चिकटपणा असेल तर लॅपटॉप बंद करून, कापडावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं घेऊन पुसा. द्रव थेट टचपॅडवर ओतायचा नाही. हे बारीक वाटतं, पण समोर डेझर्ट कूलर लावून बसणाऱ्यांनी टाळू नये. कूलरची हवा ओलसर असते, तळहाताला घाम असतो, आणि टचपॅडला पाण्याचा पातळ थर बोटासारखाच भासतो. शेवभाजीचं तेल लागलेलं बोटही चालत नाही.

तिसरी: लॅपटॉप बंद करा, झाकण मिटा आणि ओट्यावर किंवा काचेच्या टेबलावर ठेवा. चारही पाय टेकतात का? डुलतो का? झाकण नीट मिटतं का? नजर टचपॅडच्या रेषेत खाली आणून बघा, एखादा कोपरा उचललेला आहे का? यातलं एकही ‘हो, गडबड आहे’ असं निघालं तर बाकी सगळं सोडून खाली बॅटरीचा भाग वाचा.

चौथी चाचणी सगळ्यात निर्णायक. लॅपटॉप सुरू करताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा: डेल, एसर, असूसवर बहुधा एफ-२, एचपीवर एफ-१०, लेनोव्होवर एफ-१ किंवा एफ-२. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायॉसच्या पडद्यावरही टचपॅड चालतो. तिथे अजून विंडोज सुरूच झालेलं नसतं. कर्सर तिथेही उड्या मारत असेल तर विंडोजचं अपडेट आणि त्याचा ड्रायव्हर निर्दोष सुटले. तिथे गुळगुळीत चालतोय आणि विंडोजमध्येच पळतोय, तर दोष सॉफ्टवेअरचा. बायॉसमध्ये काहीही न बदलता, सेव्ह न करता बाहेर पडा. तुमच्या बायॉसमध्ये टचपॅड चालत नसेल तर उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) लाइव्ह पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, हीच परीक्षा होते.

चार्जर लावल्यावरच पळत असेल तर

टचपॅडच्या काचेखाली किंवा प्लास्टिकखाली बारीक इलेक्ट्रोडची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटन्स (विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता) किंचित बदलते, आणि तो बदल मोजून कंट्रोलर बोटाची जागा ठरवतो. हा बदल फार म्हणजे फार लहान असतो. मोजायला स्थिर पाया लागतो, आणि तो पाया म्हणजे लॅपटॉपचा ग्राउंड. चार्जरच्या आत इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात; त्यांच्यातून मिलिअँपिअरचा अंशभर करंट आणि चार्जरच्या स्विचिंगचा गोंगाट लॅपटॉपच्या ग्राउंडवर येतो. तीन पिनच्या प्लगमध्ये हा गोंगाट अर्थिंगमधून जमिनीत उतरतो. अर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटातून वाट काढतो, आणि कंट्रोलरला एका बोटाची दोन-तीन बोटं दिसू लागतात. कर्सर थरथरतो, आपोआप झूम होतं, पान स्वतःहून सरकतं.

ओळखायची खूण: चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून उलटा हात हलकेच फिरवला की झिणझिण्या येतात. दुसरी खूण: डाव्या हाताचा तळवा धातूच्या भागावर टेकवून उजव्या हाताने टचपॅड वापरला की थरथर कमी होते, कारण मग शरीर आणि लॅपटॉप एकाच पातळीवर येतात. झिणझिण्या सौम्य असतील तर तो वर सांगितलेला गळतीचा करंट. पण खणखणीत झटका बसला तर तो चार्जर तिथल्या तिथे बाजूला काढा, पुन्हा लावू नका. त्याचं इन्सुलेशन गेलेलं असू शकतं.

आता आपल्याकडचा खरा मुद्दा. तापी खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवते, तोवर अर्थिंग चांगलं चालतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, हीच जमीन आकसते, हातभर भेगा पडतात आणि अर्थिंगच्या रॉडभोवती पोकळी तयार होते. जमिनीचा रोध वाढतो. म्हणजे डिसेंबरमध्ये ठीक असलेला सॉकेट मेमध्ये फक्त नावाला तीन भोकांचा उरतो. त्याच महिन्यात एखादं अपडेट आलं की आळ त्याच्यावर.

तपासणी वायरमनकडून करून घ्या, स्वतः तारा उघडू नका. त्याला मल्टिमीटरने त्या सॉकेटवरची तीन मापं सांगायला सांगा. फेज ते न्यूट्रल: २३० व्होल्टच्या आसपास. फेज ते अर्थ: जवळपास तेवढाच. न्यूट्रल ते अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ शंभर-सव्वाशे दाखवतोय किंवा आकडा सतत हलतोय, तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा खड्डा कोरडा आहे. खड्डा कोरडा असेल तर त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा सुधारला तर कारण सापडलं. उन्हाळाभर दर आठवड्याला पाणी घालत राहा. मीठ-कोळशाचा खड्डा जुना असेल तर बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलेलं केमिकल अर्थिंग करून घेणं हा टिकाऊ उपाय आहे. तो केवळ टचपॅडसाठी नाही: फ्रिज, गिझर आणि कूलरच्या पत्र्याला हात लावणाऱ्या घरातल्या प्रत्येकासाठी आहे. कूलरला तर पाणी आणि पत्रा दोन्ही असतात.

घरचं अर्थिंग नीट असूनही त्रास होत असेल तर मधली कडी बघा. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावलेला असतो, किंवा एक्स्टेंशन बोर्डाला भोकं तीन आणि त्याच्या स्वतःच्या वायरला पिना दोनच असतात. वरची जाड पिन कापून टाकलेले प्लगही अजून सापडतात. हे तिन्ही प्रकार काढून टाका. बाजारात मिळणारे टाइप-सीचे छोटे चार्जर बहुधा मुळातच दोन पिनचे असतात, त्यांना अर्थिंग मिळूच शकत नाही. त्यांच्यावर टचपॅड थरथरत असेल तर कंपनीचा तीन पिनचा चार्जर वापरा, किंवा बारकं काम बॅटरीवर उरका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच त्रास होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते त्याच्या पाटीवर वाचा. त्या लहरीत गोंगाट भरपूर असतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर तोच लॅपटॉप शांत चालतो.

टचपॅड वर आला असेल तर

बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकतो त्या भागाखाली आणि टचपॅडखाली असते. लिथियम पॉलिमर सेल जुना झाला, सतत १०० टक्क्यांवर आणि सतत तापलेला राहिला, की आत वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. ती टचपॅडला खालून ढकलते. आधी क्लिक घट्ट होतो, मग आपोआप दाबला जातो, मग पॅडचा एक कोपरा उचलतो. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. भुसावळला दुपारी पत्र्याच्या खोलीतली हवाच तेवढी असते, आणि लॅपटॉपच्या पोटात त्याहून जास्त. शिवाय मोठं अपडेट बसताना प्रोसेसर तासभर पूर्ण जोरात चालतो, चार्जर लावलेला असतो, तापमान आणखी चढतं. त्यामुळे आधीच फुगत आलेली बॅटरी अपडेटच्याच दिवशी लक्षात येते, असंही घडतं.

फुगलेल्या बॅटरीला घरगुती उपाय नाही. टोचू नका, दाबून झाकण बसवू नका, चार्जिंगला लावू नका. चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून, सावलीत, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी बॅटरी मिळतात, पण घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज आणि वॉट-अवरचा आकडा हुबेहूब जुळवा. नुसतं मॉडेलचं नाव सांगून घेतलेल्या बॅटरीचा कनेक्टर वेगळा निघतो. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. कचऱ्याच्या दाबाखाली ती पेट घेते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

नवी बॅटरी टाकल्यावर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के किंवा त्याखाली आणून ठेवा. लेनोव्होत ‘कन्झर्वेशन मोड’, असूसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’ अशा नावांनी ही सोय असते. इतर कंपन्यांत बायॉसमध्ये किंवा त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये शोधा. आपल्या हवेत हा बदल खरोखर फरक पाडतो.

दोष सॉफ्टवेअरचाच ठरला तर

म्हणजे बॅटरीवरही पळतोय, पॅड सपाट आहे, कोरडा आहे, आणि बायॉसमध्ये नीट चालतो. आता अपडेटकडे वळायचं.

तारीख जुळवा. सेटिंग्ज, ‘विंडोज अपडेट’, ‘अपडेट हिस्ट्री’. मायक्रोसॉफ्टचं महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं, आपल्या घड्याळात रात्री साडेदहा-साडेअकराला. म्हणजे आपल्याकडे ते बसतं बुधवारी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत. यादीत ‘ड्रायव्हर अपडेट्स’ असा वेगळा गट असतो, तो आवर्जून उघडा. सिनॅप्टिक्स, इलान या टचपॅड बनवणाऱ्या कंपन्यांचं, किंवा टचपॅडशी बोलणं घडवणाऱ्या इंटेलच्या ‘सीरियल आयओ’चं नाव त्रास सुरू झाल्याच्या तारखेला दिसलं तर चोर सापडला. तिथला केबी क्रमांक (अपडेटचा ‘KB’ने सुरू होणारा ओळख क्रमांक) किंवा ड्रायव्हरची आवृत्ती वहीत लिहून ठेवा.

अपडेट होऊन तास-दोन तासच झाले असतील आणि कर्सर पळत नसून अडखळत असेल, तर थांबा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून सीपीयू बघा. मागे विंडोजची आवराआवर चालू असते. आकडा खाली आला की कर्सरही सुधारतो.

मग ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणं वेगळं: ‘फास्ट स्टार्टअप’मुळे त्यात विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून तशीच परत आणली जाते, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. रीस्टार्टने भागलं नाही तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चालू करा.

सेटिंग्जमधलं ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’, त्यातलं ‘टचपॅड’ उघडा. मोठ्या अपडेटनंतर इथली आवडनिवड मूळ पदावर गेलेली असू शकते. ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’ला चार पायऱ्या आहेत. टाइप करताना कर्सर दुसऱ्या ओळीत उडी मारत असेल, इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिताना अर्धं अक्षर भलत्याच शब्दात जाऊन पडत असेल, तर तो बहुधा तळहाताचा स्पर्श असतो: पायरी ‘लो’वर आणा. तीन आणि चार बोटांचे इशारे तात्पुरते ‘नथिंग’ करून बघा.

एवढ्याने भागलं नाही तर ड्रायव्हर मागे न्या. माउस जोडलेला असू द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस’ उघडा. तिथे ‘एचआयडी कम्प्लायंट टच पॅड’ आणि ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ या नोंदी असतात. जुन्या लॅपटॉपवर टचपॅड ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस’खाली मिळतो. प्रॉपर्टीज, ‘ड्रायव्हर’, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. रीस्टार्ट. बटण फिकट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर साठवलेलाच नाही. मग ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज तो पुन्हा बसवेल. त्यानेही नाही झालं तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर, तळाशी छापलेला सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून ड्रायव्हर उतरवून घ्या. क्रम पाळा: आधी चिपसेट, मग सीरियल आयओ, शेवटी टचपॅड. टचपॅडचा ड्रायव्हर आय-टू-सी नावाच्या आतल्या जोडणीच्या रस्त्याने बोलतो; रस्ताच खचलेला असेल तर गाडी बदलून उपयोग नाही. पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ (उपकरण सुरू होऊ शकत नाही) दिसला तर बहुधा हीच गोष्ट असते. ‘फुकट ड्रायव्हर अपडेटर’ नावाची सॉफ्टवेअर टाकू नका, ती नवा घोळ घालतात.

झोपेतून उठवल्यावरच टचपॅड बिघडत असेल तर त्याच ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असेल, तिथली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा.

ड्रायव्हर बदललेला नाही आणि महिन्याच्या अपडेटनेच गोंधळ केलाय असं तारखेवरून दिसत असेल, तर ‘अपडेट हिस्ट्री’च्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये तो केबी क्रमांक शोधून काढा, आणि ‘पॉज अपडेट्स’ने अपडेट थांबवा, जास्तीत जास्त पाच आठवडे थांबतात. कायमचं बंद करू नका, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. आवृत्तीच बदलली असेल, म्हणजे दहाचं अकरा झालं असेल, तर ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ दहा दिवसच मिळतं. मात्र विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा मागे जाणं हा फार काळाचा मुक्काम नव्हे. अपडेट बसत असतानाच लाइट जाऊन लॅपटॉप बंद पडला असेल, तर अर्धवट बसलेल्या फाइलींवर विंडोज ११ मध्ये त्याच ‘रिकव्हरी’त उपाय आहे: विंडोज अपडेटच्या मदतीने दुरुस्ती, ‘रीइन्स्टॉल नाऊ’. फाइली आणि ॲप जागेवर राहतात. या वेळी बॅटरी भरलेली ठेवून, रात्रीच्या थंडाव्यात करा. अपडेटसोबत बायॉसही बदलायचा असेल तर आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की आहे ना, हे बघून ती कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर पुढे डिस्क उघडत नाही.

लिनक्सवर नव्या कर्नलनंतर (लिनक्सचा गाभा) त्रास सुरू झाला असेल तर सुरुवातीच्या ग्रब मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. मॅकवर ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘पॉइंटर कंट्रोल’मध्ये माउस जोडलेला असताना आतला ट्रॅकपॅड दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे, तो चालू राहिला की ट्रॅकपॅड मेल्यासारखा वाटतो.

दोन गोष्टी टचपॅडच्या नावावर उगाच खपतात. टच स्क्रीनचा लॅपटॉप असेल तर पडद्याला भासणारे खोटे स्पर्शही कर्सर पळवतात: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘एचआयडी कम्प्लायंट टच स्क्रीन’ डिसेबल करून बघा. आणि वायरलेस माउसचा डोंगल लावलेला राहून माउस चालू अवस्थेत बॅगेत पडला असेल, तर वह्यांच्या दाबाने तोच कर्सर हलवत असतो.

सगळं करूनही बायॉसमध्ये पळतोच, बॅटरी सपाट आहे, अर्थिंग ठीक आहे, तर उरतात पॅड आणि त्याची चपटी रिबन केबल. दुकानात द्याल तेव्हा केबल काढून, संपर्काच्या जागा साफ करून, पुन्हा बसवून बघायला आधी सांगा. धूळ आणि ओलाव्याने तिथे मळ धरतो आणि कुलूपपट्टी सैल झालेली असते. एवढ्याने काम झालं तर पॅड बदलायचा खर्च वाचतो. पॅड बदलायचाच झाला तर त्याच्या मागच्या बाजूला छापलेला पार्ट नंबर जुळवूनच मागवायला सांगा: एकाच मॉडेलमध्ये सिनॅप्टिक्स आणि इलान असे दोन्ही प्रकारचे पॅड येतात.